तसबिरीतून उतरलेला

आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर 'न नेलेली' माणसं असायची.

हा शब्द बाबांचा. कोल्हापुरात गंगावेशीजवळ त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. पाटीवर 'तसबिरी मढवून मिळतील' असं झोकात लिहिलेलं, पण गावाच्या तोंडी आम्ही 'फ्रेमवाले'च. लोक फोटो देऊन जात, पाच-दहा रुपये आगाऊ ठेवत, पावती पाकिटात खुपसत आणि त्यातले काही पुन्हा फिरकतच नसत. कुणाच्या घरात वाटण्या होत, कुणाची बदली होई, कुणाकडे बाकीचे पैसे जमत नसत. कुणी साफ विसरत. सहा महिने बाबा ती फ्रेम पुढच्या कप्प्यात उभी ठेवत, मग मागच्या भिंतीला खिळा ठोकून टांगून टाकत. फोटो काढून पट्टी आणि काच दुसऱ्या गिऱ्हाइकाला वापरायला खरं तर काही हरकत नव्हती. धंद्यात सगळे तेच करतात. बाबा म्हणत, "असू दे की. कुठं खायला मागतोय तो."

तिथे नऊवारीतल्या दोन आज्या होत्या, जाड भिंगांचे एक वकील होते, आणि एक लग्नातलं जोडपं होतं, ज्यातली नवरी कॅमेरा सोडून बाजूला कुणाकडे तरी बघत होती. खालच्या रांगेत, काउंटरच्या टोकाशी, फौजेच्या वेषातला एक पोरगा होता. वीस-बावीसचा असेल. कान मोठे, टोपी किंचित तिरकी, आणि आपण हसू नये असं कुणीतरी बजावल्यामुळे दाबून धरलेलं हसू. शाळेतून आले की मी दुकानात गृहपाठाला बसे ती जागा बरोबर त्याच्यासमोर. मी तेरा वर्षांची होते. तो वारलाय, लढाईत वारलाय, आणि म्हणूनच कुणी त्याला न्यायला आलं नाही, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला मी एक नावही दिलं होतं, ते इथे सांगणार नाही.

चाळीस वर्षांनी हा पोरगा मला आठवला तो एका जुन्या फ्रेंच सिनेमामुळे. त्या सिनेमातली मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तिचं प्रेम तसबिरीतल्या माणसावर आहे.

सिनेमाचं नाव 'सिल्व्ही ए ल फाँतोम', म्हणजे सिल्व्ही आणि भूत. 1946 साली पॅरिसात लागला, कृष्णधवल. दिग्दर्शक क्लोद ओताँ-लारा, मूळ नाटक आल्फ्रेद आदाम यांचं, पटकथा जाँ ओरांशची. या दिग्दर्शकाबद्दल माझ्या मनात आधीपासून थोडी अढी होती. एक तर 1954 साली फ्रान्स्वा त्रुफो या तेव्हाच्या तरुण समीक्षकाने एका गाजलेल्या लेखात या सगळ्या पिढीच्या सफाईदार, साहित्यिक सिनेमाची सालटी काढली होती, आणि आम्ही फिल्म सोसायटीवाले त्रुफोचं ऐकून वाढलो. दुसरं, हाच माणूस म्हातारपणी, 1989 साली, अतिउजव्या पक्षातर्फे युरोपीय संसदेत निवडून गेला आणि ज्यूंबद्दल इतकं वाईट बोलला की काही महिन्यांतच त्याला राजीनामा द्यावा लागला. एवढं ठाऊक असल्यावर त्याच्या सिनेमाकडे मायेने बघणं अवघड जातं. मी बघायला घेतला तो फक्त भुतासाठी. भुताच्या कामात जाक ताती होता, फ्रेंच विनोदी नट आणि दिग्दर्शक.

ताती म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पुढे झुकून, पायाच्या चवड्यांवर चालणारा, तोंडात पाइप धरलेला मस्य्यो हुलो, त्याने स्वतः रंगवलेलं पात्र. कॉलेजात असताना पुण्याला फिल्म अर्काइव्हमध्ये त्याचा समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीचा सिनेमा पाहिला तेव्हा मी इतकी हसले होते की शेजारच्या एका काकांनी वळून पाहिलं. पण तो 1953 सालचा. त्याच्याआधी हा माणूस काय करत होता हे शोधता शोधता मी या भुतापाशी येऊन थांबले.

गोष्ट अशी. एका जुन्या, कर्जात बुडालेल्या हवेलीत एक उमराव राहतो. त्याची मुलगी सिल्व्ही. दिवाणखान्यात एका देखण्या तरुणाचं मोठं तैलचित्र आहे. हा आलाँ द फ्राँसिन्यी, सिल्व्हीच्या आजीवर जीव टाकणारा आणि त्यापायीच जीव गमावलेला. घरात त्याला 'पांढरा शिकारी' म्हणतात. सिल्व्ही लहानपणापासून त्याच्या गोष्टी ऐकत आली आहे आणि सोळाव्या वर्षापर्यंत ती त्याच्या प्रेमात पडून चुकली आहे. बापाला पैशांची निकड लागते आणि तो गुपचूप चित्र विकून टाकतो. चित्र भिंतीवरून उतरतं आणि त्यासरशी इतकी वर्षं त्यात अडकून पडलेलं भूत मोकळं होऊन हवेलीभर हिंडू लागतं.

इथे मी सिनेमा थांबवला होता. आपल्याकडे मेलेला माणूस भटकू नये म्हणून आपण काय काय करतो! दहावं, बारावं, तेरावं, मग वर्षश्राद्ध, आणि भिंतीवर फोटो. फोटो एकदा लागला, त्याला हार चढला की माणूस जागेवर बसल्यासारखं वाटतं. वाड्यातले कुणी पूर्वजाची तसबीर उतरवून डागडुजीला घेऊन आले की ती माणसं उगीचच कुजबुजत बोलत, हे मी दुकानात पाहिलं आहे. तसबीर तीन-चार दिवस आमच्याकडे राही. तेवढ्या दिवसांत ते आजोबा वाड्यात असत की आमच्या दुकानात, हा प्रश्न मला लहानपणी अगदी खरा वाटायचा.

चित्र गेल्यामुळे लेक हिरमुसली आहे, हे बापाला कळतं. तिच्या वाढदिवसाच्या मेजवानीला भूत आणायचं असं तो ठरवतो. भूत म्हणजे भाड्याचा नट, अंगावर पांढरी चादर. आणि मग फार्सातल्यासारखा घोळ होतो: एकाच्या जागी तीन माणसं भूत व्हायला हजर होतात. एक म्हातारा, आपल्या कलेबद्दल भलताच गंभीर नट, दुसरा पोलिसांना चुकवून आलेला भुरटा, आणि तिसरा सिल्व्हीच्या प्रेमात पडलेला लाजरा तरुण. तिघे आलटून पालटून चादरी पांघरतात. आणि ज्याच्या नावाने हा सगळा खेळ चाललाय तो खरा, पारदर्शक, कुणाला न दिसणारा, या तिघांच्या मधून फिरत आपली नक्कल बघत राहतो.

त्याला सिनेमाभर एकही वाक्य नाही.

आपल्या भुतांना काही ना काही हवं असतं. मुंज्याला पिंपळ लागतो, समंधाला त्याचं पुरलेलं धन, वेताळाला अमावस्येची पालखी. कोकणातल्या देवचाराला तर वेळच्या वेळी विडी आणि नारळ पोचला नाही तर वाट चुकवतो. हा फ्रेंच भला माणूस काही मागत नाही. दार उघडायचं तरी त्याला कष्ट. तो फक्त बघतो, थोडा गोंधळतो, आणि एखाद्या लग्नघरी चुकून शिरलेल्या सभ्य पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा राहतो. तातीच्या सहा फुटांवरच्या देहात ते अवघडलेपण इतकं सहज आहे की पुढचा हुलो तुम्हाला तिथेच दिसायला लागतो.

आता मला जे सांगायचंय ते. ताती हा फ्रेमवाल्याचा मुलगा होता.

हे मला सिनेमा पाहिल्यावर कळलं आणि मी एकटीच घरात मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले. तातीचे आजोबा रशियन, झारच्या वकिलातीत लष्करी अधिकारी म्हणून पॅरिसला आलेले, एवढं मी ऐकून होते. मूळ आडनाव तातिश्चेफ. पण आईचे वडील व्हान हूफ हे डच, आणि पॅरिसात त्यांचा चित्रांना फ्रेमा करण्याचा धंदा होता, व्हाँदोम चौकाजवळच्या उच्चभ्रू वस्तीत. जावयाने, म्हणजे तातीच्या वडिलांनी, तोच पुढे चालवला. 1907 साली जन्मलेल्या जाकने शाळा अर्धवट सोडली आणि तोही याच धंद्यात उमेदवारीला लागला. काही काळ लंडनलाही होता, आणि तिथे फ्रेमांपेक्षा रग्बी जास्त शिकला म्हणतात. पुढे पॅरिसच्या क्लबात खेळताना सामना झाल्यावर दोस्तांना गोलकीपर कसा पडतो, टेनिसवाला कसा चिडतो याच्या नकला करून दाखवायचा. त्यातून धंदा सुटला आणि म्युझिक हॉल धरलं. घोडा आणि घोडेस्वार हे दोन्ही तो एकटाच एकाच वेळी व्हायचा. 1936 साली लेखिका कोलेतने ते पाहून त्याच्यावर कौतुकाने लिहिलं.

बापाने काय म्हटलं असेल, याची मला चांगली कल्पना आहे. माझा भाऊ बँकेत लागला तेव्हा बाबा तीन दिवस कुणाशी नीट बोलले नव्हते.

तर हा तसबिरी मढवायला शिकलेला माणूस सदतिसाव्या-अडतिसाव्या वर्षी सिनेमात पहिलं मोठं काम करतो ते तसबिरीतून बाहेर पडलेल्या माणसाचं. दिग्दर्शकाने हे जाणून निवडलं असेल असं मला वाटत नाही. त्याला एक अबोल, शरीराने बोलणारा नट हवा होता आणि युद्धाच्या काळात तातीचं मूकाभिनेता म्हणून नाव होतंच. पण चौकट करणाराच चौकटीतून उतरतोय, हे कळल्यापासून मला तो सिनेमा नुसता सिनेमा म्हणून बघता येईना.

त्यात त्या भुताची करामत. कॅमेरामन फिलिप आगोस्तिनी. भूत पारदर्शक दिसायला हवं, त्याच्या कोटातून मागची भिंत दिसायला हवी, आणि तरी ते बाकीच्या नटांबरोबर त्याच खोलीत, त्याच क्षणी वावरायला हवं. कॉम्प्युटर तर सोडाच, युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात साधं सामान मिळण्याची मारामार. त्यांनी वापरली ती रंगभूमीची जुनी युक्ती. 1862 च्या नाताळात लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर या रसायनाच्या प्राध्यापकाने ती लोकांना दाखवली म्हणून तिला 'पेपरचं भूत' म्हणतात. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्याची, पण नाव पेपरचं झालं.

युक्ती अशी: कॅमेऱ्यापुढे एक मोठी साधी काच तिरकी उभी करायची. काचेतून समोरचा दिवाणखाना आणि त्यातली माणसं दिसतात. बाजूला, कॅमेऱ्याच्या नजरेआड, काळ्या मखमलीने मढवलेली दुसरी जागा. तिथे भूत, त्याच्यावर झगझगीत प्रकाश. काळं मखमल उजेड गिळून टाकतं, त्यामुळे काचेत प्रतिबिंब पडतं ते फक्त भुताचं. दिवाणखाना काचेपलीकडचा आणि भूत काचेवरचं, दोन्ही एकाच वेळी फिल्मवर उतरतात.

एसटीने रात्रीचा प्रवास केलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आत दिवा लागलेला असतो, बाहेर मिट्ट काळोख. खिडकीत आपलाच चेहरा दिसतो आणि त्या चेहऱ्यातून एखाद्या वस्तीवरचा पिवळा बल्ब सरकत जातो, गालातून शिरून कानातून बाहेर.

म्हणजे ताती त्या दिवाणखान्यात नव्हताच. तो शेजारी, काळ्या कापडांच्या पोकळीत एकटा होता. जिना असेल तिथे जिना आहे असं धरून पाय उचलायचा, सिल्व्ही जिथे असेल तिथे हवेत बघायचं, आणि काचेत उजव्याचं डावं होतं हेही ध्यानात ठेवायचं. आणि काच किती तिरकी? पंचेचाळीस अंशांत.

फ्रेमवाल्याच्या घरात वाढलेल्यांना पंचेचाळीस अंश म्हणजे काय ते विचारा. चारही पट्ट्यांची टोकं पंचेचाळीसात कापायची, तेव्हा दोन टोकं जुळून काटकोन होतो. करवत केसभर सरकली की कोपऱ्यात फट पडते, आणि मग सरस लावा नाहीतर पुट्टी भरा, ती फट आयुष्यभर दिसते. बाबा मला काटकोन तपासायचा गुण्या हातात देऊन म्हणायचे, "डोळ्यानं बघू नको, डोळा खोटं बोलतो. गुण्या लाव."

सिल्व्ही झाली आहे ओदेत ज्वायो. सोळा वर्षांची मुलगी, आणि नटीचं वय तेव्हा तीस. ज्यांनी पन्नाशीपुढचे बालगंधर्व पाहिले त्या पिढीला यात काही वावगं वाटलं नसतं, मला मात्र पहिली दहा मिनिटं तिचं वय दिसत राहिलं. मग दिसेनासं झालं. ती बॅले शिकलेली, चालण्यात तरंगल्यासारखी लय आहे. तीन वर्षांपूर्वीच, 1943 साली, ती दुसऱ्या एका भुताच्या सिनेमात होती, त्यात भुताटकीचा उमराव झाला होता कवी जाँ कॉक्तो स्वतः. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये असल्या सिनेमांचं पीकच आलं होतं. आजचं काही मोकळेपणी दाखवणं अवघड, म्हणून सैतान, परीकथा, मध्ययुगातली हवेल्या-किल्ले. आणखी एक गंमत: काचेपलीकडून हिला टिपणारा तो आगोस्तिनी पुढे, बऱ्याच वर्षांनी, तिचा नवरा झाला.

'सिल्व्ही'चं चित्रीकरण 1945 मधलं. जर्मन गेलेले होते. सिनेमात युद्धाचा ओझरताही उल्लेख नाही. मेजवानी, मेणबत्त्या, झुळझुळीत झगे. समीक्षक याला हलकाफुलका म्हणतात आणि तो तसा आहेही. पण त्याच वर्षी, त्याच पॅरिसात, ल्युतेसिया नावाच्या मोठ्या हॉटेलात छळछावण्यांमधून परत येणाऱ्यांची नोंद चालली होती. एप्रिलपासून बसेस भरभरून माणसं येत होती. ज्यांची माणसं आली नव्हती ते नातेवाईक तिथल्या फलकांवर फोटो लावून जात. लग्नातले, सहलीतले, शाळेतले फोटो, खाली नाव आणि 'यांना कुणी पाहिलं का'. येणाऱ्या प्रत्येकाला अडवून तो फोटो दाखवत. बहुतेक फोटो नुसतेच फलकावर राहिले.

मी फलकांचे ते फोटो एका माहितीपटात पाहिले होते. सिनेमा बनवणाऱ्यांच्या डोक्यात हे होतं असा माझा दावा नाही. पण 1946 साली पैसे देऊन थेटरात बसलेल्या पॅरिसकरांनी ते फलक पाहिलेले असणार. भिंतीवरच्या चित्रातून एक तरुण आपला आपण उतरून येतो आणि घरात फिरतो, कुणाला त्रास देत नाही, याला ते हसले असतील. आणखीही काही झालं असेल.

आता फौजीचं.

मी दहावीत असताना एका दुपारी एक बाई आली. डोईवर पदर, हातात कापडी पिशवी, पायांत नव्या चपला. कागलच्या बाजूच्या एका खेड्यातून आली होती. पावती नव्हती. "लई वर्सं झाली," एवढंच म्हणाली आणि मागच्या भिंतीकडे बघून बोट केलं. त्याच्याचकडे.

बाबांनी जुन्या वह्या काढल्या. त्यांची हिशेबाची वही ठेवण्याची पद्धत जबरदस्त होती. फ्रेमची लांबी-रुंदी, पट्टीचा नंबर, ठरलेले पैसे, मिळालेले पैसे. सापडलं. अकरा वर्षांपूर्वीची नोंद, ठरले अठरा, आगाऊ पाच.

"तेरा रुपये बाकी," बाबा म्हणाले. ती पैसे मोजायला लागली. अकरा वर्षांत भाव कुठल्या कुठे गेले होते, पण बाबांनी तेराच घेतले आणि तिनेही तेराच दिले.

"एवढी वर्षं का नेला नाहीत, मावशी?" हे मी विचारलं. बाबांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"कुठं लावायचा? कुडाचं घर हुतं. पावसाळ्यात सगळं गळायचं," ती म्हणाली. "आता बांधलं. भिंत झाली."

बाबांनी फ्रेम उतरवली, काच ओल्या कापडाने आणि मग वर्तमानपत्राने पुसली, मागचा ब्राउन पेपर उसवला होता तो खळ लावून नवा चिकटवला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो फ्रेमवाले नेहमी जरा खालच्या आवाजात विचारतात, कारण माणूस आहे की गेला हे थेट विचारता येत नाही:

"वर हारासाठी खिळा ठेवू का?"

"हार कशाला?" बाई म्हणाली. "पेन्शनीवर आलाय की आता. त्येनंच बांधलं घर."

ती फ्रेम पिशवीत घालून गेली. मागच्या भिंतीवर, धुरकट झालेल्या चुन्यात, त्याच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला. मी त्या दिवशी गृहपाठ केला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. एक माणूस जिवंत निघाला होता. पण मला फसवल्यासारखं वाटत होतं. पस्तिशीकडे झुकलेला, पोट सुटलेला, पेन्शन घेणारा, नव्या घराला रंग कुठला लावायचा यावर आईशी वाद घालणारा तो माणूस मला अजिबात नको होता. तो मेलेलाच मला बरा वाटत होता, आणि हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

म्हणून सिल्व्हीवर मला हसता आलं नाही. तिच्या आसपास जिवंत तरुण धडपडतायत. घाम येतोय त्यांना, चादरीत पाय अडकतायत, खोटं बोलताना अडखळतायत. त्यांच्यापुढे चित्रातला कसा असेल? तो कधी चुकीचं बोलणार नाही, कारण तो बोलणारच नाही. ओताँ-लाराला बाकी काहीही म्हणा, या वयातल्या मुलीची त्याने टर उडवलेली नाही. आणि भुतावरही अन्याय केला नाही. ज्याला तिने एवढं मनात धरलं तोच तिच्यासमोर उभा आहे, तिला दिसत नाही, आणि ती चादरवाल्याशी त्याचं नाव घेऊन बोलते आहे. त्या प्रसंगात ताती काहीच करत नाही. हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा थोडा वेळ उभा राहतो. शेवट काय होतो ते सांगत नाही, सिनेमा मिळाला तर बघा.

या सिनेमाने तातीचं नशीब मात्र उघडलं. त्या सुमारास त्याची गाठ स्टुडिओच्या कारभारात मुरलेल्या फ्रेद ओरँ या माणसाशी पडली. दोघांनी मिळून 'कादी फिल्म्स' नावाची छोटी कंपनी काढली, आणि तिच्यातूनच पुढे पोस्टमनवरचा छोटा सिनेमा, मग मोठा, आणि मग हुलो आला. ते सगळे सिनेमे प्रेमाने बघितले जातात. या भुताची आठवण कुणी फारशी काढत नाही.

दुकान आम्ही बारा वर्षांपूर्वी बंद केलं. फ्लेक्स आले, लॅमिनेशन आलं, मग फोटो भिंतीवरून मोबाइलमध्ये गेले. न नेलेल्या माणसांचं काय करायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी बाबांनी त्या सगळ्या फ्रेमा जुन्या साड्यांत गुंडाळून पुण्याला माझ्या घरी आणल्या. माळ्यावर आहेत.

बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात एका रविवारी मी त्यांना लॅपटॉपवर हा सिनेमा दाखवला. फ्रेंच त्यांना कळण्याचा प्रश्न नव्हता, इंग्रजी ओळी वाचायचा त्यांना कंटाळा, म्हणून मी शेजारी बसून थोडं थोडं सांगत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "गप्प बस, कळतंय मला."

भूत पहिल्यांदा आलं तेव्हा ते पुढे झुकले. चष्मा वर सरकवला.

"काच आहे पुढं," म्हणाले. "तिरकी लावल्या."

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं गिऱ्हाइकं हेच सांगत आली मला. फोटोत आमचंच तोंड दिसतंय म्हणून." मग नेहमीचं प्रवचन सुरू झालं, जे मी लहानपणी शंभरदा ऐकलंय: तसबीर भिंतीला चिकटवून लावायची नाही. मागची तार थोडी सैल ठेवायची, म्हणजे वरची बाजू पुढे झुकते आणि खिडकीचा उजेड काचेत येत नाही. जुन्या वाड्यांत सगळ्या तसबिरी अशाच झुकलेल्या असत. लोकांना वाटायचं पूर्वज वाकून बघतायत. "वाकून कसले बघतायत! तार सैल असायची."

मधे त्यांचा चहा झाला. एकदा डुलकीही झाली. तीन भुतांच्या घोळाला ते मोठ्याने हसले, म्हाताऱ्या नटावर विशेष खूश झाले. सिनेमा संपला, मी लॅपटॉप मिटायला गेले तर त्यांनी हात धरला.

"त्या तसबिरीचं काय झालं?"

"कुठल्या?"

"पहिल्यांदा विकली ती. एवढी मोठी तसबीर, एवढी जड पट्टी. ती परत भिंतीवर लागली का नाही?"

भुताच्या नादात माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी म्हटलं, माहीत नाही बाबा.

"मग बघ की," ते म्हणाले, आणि चष्मा काढून बनियनच्या टोकाने काचा पुसू लागले. मी सिनेमा मागे नेला.